रविवारची गाडी सोमवारी

सोमवारी सकाळी भिंगारच्या एसटी थांब्यावरून रविकांत निसळ परत आला, तेव्हा त्याची बायको सुनीती अंगण झाडत होती. सडा घालायला पाणी नव्हते, त्यामुळे ती धूळ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेत होती, एवढेच. रविकांत पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसला.

"गाडी चुकली?"

"चुकली असती तर बरं. ती आलीच नाही. डेपोत बंद पडलीय. पुढची दुपारी."

सुनीतीने केरसुणी खाली ठेवली. दुपार म्हणजे काय, हे तिला सांगावे लागले नाही. बहात्तरचा पाऊस कोरडा गेला होता, त्र्याहत्तरचा मार्च लागला होता आणि रविकांत खर्ड्याजवळ पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर ओवरसियर होता. आठवडाभर तो तिकडेच राही, शनिवारी रात्री घरी येई आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जाई. आज त्या कामावर मुंबईचे साहेब तपासणीला येणार होते. काल दुपारी ऑफिसचा शिपाई कानिफनाथ उपअभियंता धोर्डेसाहेबांचा निरोप घेऊन घरी आला होता. निरोप त्याने तोंडपाठ करून आणला होता: "निसळांना म्हणावं, साहेब पोचायच्या आत तुम्ही साइटवर पाहिजे. उद्या साइटवर नसाल, तर परवापासून कुठल्याच साइटवर नसाल."

मुंबईच्या साहेबांची कीर्ती त्यांच्या जीपच्या आधी पोचली होती. दुष्काळी कामांवर खोटी हजेरी लावली जाते, नसलेली माणसे कागदावर माती वाहतात, अशी त्यांची पक्की समजूत होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. गेल्या आठवड्यात त्यांनी दोन ओवरसियर घरी बसवले होते. त्यांतल्या एकाची हजेरी चोख होती. पण त्याने बायकोला हप्त्यावर शिलाई मशीन घेतले होते आणि ते कोणीतरी साहेबांच्या कानावर घातले होते.

"दारात गाडी उभी आहे आणि तुम्ही गाडी शोधताय," सुनीती म्हणाली.

"ती?"

"दुसरी कुठली?"

"सुनीती, एका माणसाला शिलाई मशीनवरून घरी बसवलंय. मशीन काळं होतं. आपली गाडी लाल आहे."

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, खाकी ताडपत्रीखाली ती गाडी होती. विलायती, दोन माणसांची, उघड्या टपाची, लांब नाकाची. भिंगारच्या छावणीतून बदलून गेलेल्या एका मेजरसाहेबांची. असली गाडी नगरात घेणार कोण, म्हणून त्यांनी ती जाताना रविकांतच्या वडिलांना, विष्णुपंतांना, जवळजवळ भेटच दिली होती. विष्णुपंत छावणीच्या कचेरीत हयातभर कारकून होते. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, पण ती कशी वापरावी याबद्दलचे त्यांचे विचार पक्के होते. दर रविवारी सकाळी ताडपत्री निघे. विष्णुपंत काळी टोपी एका हाताने धरून शेजारी बसत, रविकांत किल्ल्यापर्यंत एक फेरी मारी आणि नऊच्या आत गाडी पुन्हा ताडपत्रीखाली जाई. दुष्काळी कामावर नेमणूक झाल्यापासून रविकांतने ही फेरीसुद्धा उजाडायच्या आत उरकायला सुरुवात केली होती.

ताडपत्रीचा आवाज ऐकून विष्णुपंत बाहेर आले.

"आज वार कोणता?"

"सोमवार, बाबा."

"मग ताडपत्री का निघतेय?"

रविकांतने एसटीचे सांगितले. विष्णुपंतांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

"नोकरीचं मला कळतं. पण गाडीचंही कळतं. वस्तू एकदा रोजची झाली की ती परत रविवारची होत नाही."

"मामंजी, ती गाडी आहे की पैठणी?" सुनीती म्हणाली.

"पैठणीसुद्धा भांडी घासायला नेसली तर फाटतेच."

"आणि नेसलीच नाही तर घडीवर फाटते."

हा वाद घरात दोन वर्षे चालू होता आणि आज तो मिटण्यासारखा नव्हता. रविकांतने गाडी बाहेर काढली. ती पहिल्या झटक्यात सुरू झाली, याचे त्याला वाईटच वाटले. सुरू झाली नसती, तर निर्णय आपोआप झाला असता.

त्याची योजना साधी होती. साहेबांची जीप नगरच्या विश्रामगृहातून निघणार आणि याच रस्त्याने येणार. तिच्या आधी पोचायचे, साइटच्या अलीकडे गाडी कुठेतरी दडवायची आणि एसटीने आल्यासारखे चालत हजर व्हायचे. त्याने डोक्याला उपरणे गुंडाळले, सुनीतीने शोधून दिलेला काळा चष्मा लावला आणि शक्य तितका खाली सरकून बसला. भिंगारच्या बाजारपेठेत सहादेव चहावाल्याने त्याला पाहून गाळणी तशीच हवेत धरली.

"ओ निसळ! सोमवारी गाडी? घरी सगळं बरं हाय ना?"

"बरं आहे, बरं आहे!"

"मग इकली का काय?"

रविकांतने गाडी पुढे दामटली. उपरणे आणि चष्मा यांचा काही उपयोग नाही, कारण लोक ओळखतात ते माणसाला नव्हे, गाडीला, हे त्याच्या तेव्हा लक्षात आले.

चिचोंडीपर्यंत रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना रान भाजून पडले होते; मातीचा एकच रंग, आणि त्यातून ही लाल रेघ धावत होती. आष्टीच्या पुढे त्याने आरशात पाहिले आणि त्याला मागे धूळ दिसली. धुळीत जीप होती.

आता पुढचा सगळा घोटाळा या जीपमुळे झाला. साहेबांनी मागून येऊन आपल्याला गाठले, तर उपरणे ओढून तोंड झाकावे की उतरून नमस्कार करावा, याचा विचार करत रविकांतने वेग वाढवला. जीपनेही वाढवला. रविकांतने आणखी वाढवला. दर रविवारी किल्ल्यापर्यंत रमतगमत जाणाऱ्या त्या इंजिनाला असली सवय नव्हती. जामखेड मागे पडले आणि खर्डा जवळ आले असताना गाडीच्या लांब नाकातून आधी शिट्टी आली, मग वाफ. गाडी रस्त्याच्या कडेला एका वस्तीसमोर थांबली. मागची जीपही जवळ आली आणि पुढे निघून गेली. तिच्यावर गुरांच्या दवाखान्याची पाटी होती. आतल्या माणसाने हात हलवला. त्याला शर्यत आवडली असावी.

वस्तीवर टँकर नुकताच आला होता. बायकांची घागरी-हंड्यांची रांग लागली होती आणि ती सगळी रांग मान वळवून लाल गाडीकडे पाहत होती. रविकांत उतरून रांगेपाशी गेला.

"मावशी, थोडं पाणी मिळेल का?"

"प्यायला व्हय? बसा की सावलीला. देते."

"प्यायला नको. गाडीला."

हे आपण कोणत्या साली बोलतो आहोत, हे रविकांतला कळले, पण बोलून झाले होते.

"ऐकलं का गं?" एकजण म्हणाली. "माणसं उन्हात उभी हायेत, आन् गाडीला तहान लागलीय."

"किती पिती म्हनावं ती?"

"घागरभर," रविकांत अगदी हळू म्हणाला.

"घागरभर? एवढीशी तर हाय! माझी म्हस बरी हुती, पानी पिऊन दूध तरी देत हुती. आता गुरांच्या छावनीत गेली बिचारी."

"ही काय देती, साहेब?"

"धूर देती, दुसरं काय!"

रांगेतल्या एका वयस्क बाईने पदर सावरून त्याच्याकडे निरखून पाहिले. कपाळावर गोंदण, डोळे बारीक. मग ती ओरडली, "अगं बया! हे तर आपलं ओवरसियरसाहेब!"

ती गोजरबाई होती. तलावाच्या कामावर दुसऱ्या टोळीत माती वाहणारी. तिचे नाव रविकांतला चांगले ठाऊक होते, कारण हजेरीच्या वेळी ती नुसती 'हजर' म्हणत नसे, वर काहीतरी जोडत असे.

"हळू बोला, गोजरबाई."

"मंजी ही गाडी तुमची?"

"हळू."

"चोरीची हाय का?"

"नाही हो! वडिलांची आहे."

"मग हळू कशापायी?"

याचे उत्तर सरळ नव्हते आणि मागे कुठेतरी खरी जीप येत होती. गोजरबाईने त्याचा चेहरा पाहिला आणि उत्तराची वाट न बघता सौदा मांडला.

"हे बघा साहेब. टँकर उशिरा आला, म्हनून मला उशीर झालाय. ही घागर घ्या. मला कामावर सोडा. आन् आज खाडा लावायचा न्हाई."

"खाडा नाही लावणार."

"बगा हं. पानी दिलंय."

पाणी घालून झाले, रिकामी घागर तिने मांडीवर घेतली आणि ती गाडीत बसली. बसता बसता म्हणाली, "ह्यात बसायचं का निजायचं? पार भुईला टेकलं की!" गाडी सुटल्यावर मात्र ती बोलायची थांबली. वाऱ्याने पदर उडत होता आणि तिने घागर छातीशी घट्ट धरली होती. खर्ड्याचा किल्ला दिसू लागल्यावर ती एकदाच म्हणाली, "रोज का न्हाई आनत हिला?"

"लोक काय म्हणतील, गोजरबाई?"

"आमी तर म्हनलं असतं, आना."

तलावाच्या बांधाच्या अलीकडे मुकादम मच्छिंद्रचा गोठा होता. त्याचे बैल आणि गाय छावणीत होती, त्यामुळे गोठा रिकामाच होता. रविकांतने गाडी आत घातली, तिचे नाक गव्हाणीला लागले. मच्छिंद्र पळत आला, गाडी पाहून जागीच उभा राहिला आणि डोक्यावरचा पटका काढून पुन्हा बांधू लागला.

"मच्छिंद्र, प्रश्न विचारू नकोस. वर पोती टाक. आणि कुणाला कळता कामा नये."

"न्हाई कळायचं, साहेब. माझ्याकडनं तर न्हाईच."

"गोजरबाई, तुम्हीसुद्धा."

"मी कशाला कुनाला सांगू?"

गोजरबाईने शब्द पाळला. तिने कामावर कोणालाही सांगितले नाही की गोठ्यात गाडी आहे. तिने फक्त एवढेच सांगितले, की मच्छिंद्राच्या गोठ्यात एक वस्तू आहे आणि ती काय आहे हे आपण मेलो तरी सांगणार नाही.

रविकांत बांध ओलांडून साइटवर आला. साहेब आलेले नव्हते. त्याला इतके हायसे वाटले, की त्याने दोन वेळा हजेरी तपासली. सव्वातीनशे माणसे कामावर होती. प्रत्येक नावाला माणूस होता, प्रत्येक माणसाला पाटी किंवा फावडे होते. अकरा वाजले, बारा वाजले. साहेब वाटेत दुसऱ्या कामावर थांबले होते. रविकांत रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि नगरच्या दिशेने पाहत राहिला. त्यामुळे त्याच्या पाठीमागे काय होत होते, ते त्याला दिसले नाही.

मागे मच्छिंद्रने भाकरीच्या सुट्टीची शिट्टी मारली होती.

जीप आली. आधी धोर्डेसाहेब उतरले. त्यांच्या अंगावरचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मग मुंबईचे साहेब उतरले. सडपातळ, चष्मा, पांढरी पँट. ते रविकांतच्या नमस्काराला मान हलवून थेट तलावाच्या खड्ड्याच्या काठावर गेले आणि खाली बघत उभे राहिले. रविकांत त्यांच्या मागे गेला आणि त्यानेही खाली पाहिले.

खाली कोणी नव्हते.

पाट्या होत्या, फावडी होती, अर्धवट भरलेले मातीचे ढीग होते. बाभळीच्या फांद्यांना भाकरीची गाठोडी लटकत होती. एका गाठोड्याखाली कुत्रे बसले होते आणि वर पाहत होते.

"कामावर माणसं किती?" साहेबांनी विचारले.

"सव्वातीनशे, साहेब."

"मला एक कुत्रा दिसतो."

"भाकरीची सुट्टी आहे, साहेब."

"असेल. पण भाकरी इथे आहे. खाणारे कुठे आहेत?"

धोर्डेसाहेब रविकांतच्या कानाशी आले. "निसळ, अहो बोला काहीतरी! माणसं कुठायत?"

रविकांतला ती कुठे आहेत हे ठाऊक नव्हते, पण एका क्षणात कळले. बांधापलीकडून, गोठ्याच्या दिशेने, हसण्याचा मोठा गलका आला. तो ज्या माणसांचा होता ती माणसे दाखवली, तर गाडी दिसणार होती. न दाखवावी, तर सव्वातीनशे माणसे खोटी ठरणार होती. गाडी दिसली तर चौकशी. माणसे दिसली नाहीत, तर थेट फौजदारी. शिलाई मशीनवाला माणूस त्याच्या डोळ्यांसमोर येऊन गेला.

"साहेब, सगळी माणसं आहेत," तो म्हणाला. "ती माझी गाडी बघायला गेली आहेत."

"तुमची काय?"

"गाडी."

"सायकल?"

"मोटार, साहेब."

धोर्डेसाहेबांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा लावला. तेवढ्यात बांधापलीकडून हॉर्न वाजला. दोनदा. मग पुन्हा हसणे.

"चला," साहेब म्हणाले.

गोठ्यावर जे दिसले, त्याची कल्पना रविकांतने वाटेत केली होती, पण ती अपुरी पडली. पोती बाजूला काढून नीट घडी घालून ठेवली होती. दारात नवीन वाहन आले म्हणून मच्छिंद्रच्या आईने, भागूबाईने, गाडीला हळदीकुंकू लावून ओवाळले होते. लांब लाल नाकावर पिवळी बोटे उमटली होती आणि चाकाखाली लिंबू फुटले होते. गोठ्यापासून बांधापर्यंत सव्वातीनशे माणसांची रांग होती, आणि ती रांग इतकी सरळ होती, की धोर्डेसाहेबही थबकले.

रांग मच्छिंद्रने लावली होती. गर्दी झाल्यावर त्याला ढकलाढकलीची भीती वाटली. माणसे रांगेत लावण्याची त्याला एकच रीत माहीत होती, ती हजेरीची. त्यामुळे तो गाडीच्या दाराशी उभा राहून पहिल्या टोळीपासून नावे पुकारत होता. ज्याचे नाव येई तो 'हजर' म्हणे, गाडीत बसे, एकदा हॉर्न वाजवी आणि दुसऱ्या दाराने उतरे.

"मनकर्णा पोपट!"

"हजर!" पोम.

"बनुबाई रंगनाथ!"

"हजर! हे कुठं दाबायचं? हितं?" पोम, पोम.

"एकदाच, बनुबाई! एकदाच!"

मच्छिंद्रने साहेबांना पाहिले आणि त्याच्या हातून शिट्टी पडली. गाडीत बनुबाई होती, ती तशीच बसून राहिली.

साहेबांनी रांगेकडे टोकापर्यंत पाहिले. मग रविकांतकडे. मग पुन्हा रांगेकडे.

"मुकादम," ते म्हणाले, "चालू ठेवा."

"जी?"

"हजेरी. थांबवू नका. सगळी नावं होऊ द्या."

साहेब गव्हाणीच्या कडेवर बसले आणि तपासणी सुरू झाली. त्यांनी आयुष्यात अनेक हजेऱ्या तपासल्या असतील. पण एक माणूस दोनदा मोजला जाणार नाही, अशी खात्री देणारी हजेरी त्यांना प्रथमच मिळत असावी. प्रत्येकजण एका दाराने आत जात होता आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडत होता. पलीकडे उतरलेल्यांना धोर्डेसाहेबांनी वेगळे बसवले. रविकांत उन्हात उभा होता. एखादी म्हातारी उन्हाला कंटाळून घरी गेली असेल तर? कोणी भाकरी खायला गुपचूप मागे फिरले असेल तर? नाव पुकारल्यापासून 'हजर' येईपर्यंतचा वेळ त्याला फार लांब वाटत होता.

गोजरबाईचे नाव आले.

"हजर! आन् मुकादम, हे मोठं साहेब बसल्यात म्हनून सांगते. मला आज खाडा लावायचा न्हाई असं ओवरसियरसाहेबांनी बोललेलं हाय. सकाळी मी पानी दिलंय ह्यांना."

गव्हाणीवरून आवाज आला. "पाणी? ओवरसियरनं मजुराकडून पाणी घेतलं?"

"मला नव्हे, साहेब," रविकांत म्हणाला. "गाडीला."

"घागरभर," गोजरबाई म्हणाली. "समदी प्याली. थेंब ठिवला न्हाई."

साहेबांनी काही लिहून घेतले नाही. ते लिहून घेत नाहीत याचीच रविकांतला जास्त भीती वाटली.

शेवटचे नाव झाले. सव्वातीनशे नावे, सव्वातीनशे माणसे. एक कमी नाही, एक जास्त नाही. हॉर्नचा आवाज शेवटी शेवटी बसला होता. साहेब उठले आणि गाडीभोवती एक चक्कर मारून आले. नाकावरच्या हळदीला त्यांनी हात लावला नाही.

"ही तुमची?"

रविकांतने सगळे सांगितले. मेजरसाहेब, वडील, रविवार, किल्ल्याची फेरी, एसटी. शिलाई मशीनपाशी तो थोडा अडखळला, पण तेही सांगितले.

"हजेरी चोख आहे," साहेब म्हणाले. "या जिल्ह्यात इतकी चोख मी पाहिली नाही. पण तुम्ही गाडी लपवली."

"हो, साहेब."

"लपवलेल्या गाडीची मला चौकशी करावी लागते. उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीची चौकशी कशाची करणार? ती सगळ्यांना दिसतेच आहे." त्यांनी बांधाकडे बोट केले. "गाडी त्या बांधावर उभी करा. सर्वांत उंच जागी. रस्त्यावरून दिसली पाहिजे. मी पुन्हा येणार आहे, आणि सांगून येणार नाही. ज्या दिवशी मला रस्त्यावरून ती लाल दिसणार नाही, त्या दिवशी मी समजेन, की निसळांकडे लपवण्यासारखं काहीतरी आलं."

"रोज, साहेब?"

"दुष्काळ रोजचा आहे."

जीप गेली. जाता जाता धोर्डेसाहेबांनी जीपमधून खाली वाकून रविकांतचा हात दाबला; त्याचा अर्थ अभिनंदन होता की सांत्वन, हे कळले नाही. माणसे भाकरीकडे वळली. त्यांतले एक गाठोडे कुत्र्याने सोडवले होते.

शनिवारी रात्री रविकांत घरी आला तो एसटीने. विष्णुपंत दारात उभे होते आणि त्याच्या मागे रस्त्यावर पाहत होते.

"गाडी?"

"खर्ड्याला आहे. बांधावर."

"आणि उद्या रविवार आहे!"

"रविवारी साहेब येणार नाहीत, असं त्यांनी म्हटलेलं नाही, बाबा."

त्याने सगळे सांगितले. विष्णुपंतांनी टोपी काढून खुंटीला लावली. सुनीतीला हसू आवरत नव्हते, पण नवऱ्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे पाहून तिने ते आवरले. रात्री रविकांत दोनदा उठला. दुसऱ्यांदा उठला तेव्हा तो म्हणाला, "कुणी तिच्यावर पोती टाकली असतील तर? उन्हानं रंग जाऊ नये म्हणून? मच्छिंद्र भला माणूस आहे. तो टाकेल."

"मग जाऊन बघून येऊ," सुनीती म्हणाली. "मीही येते. मला एकदा रविवारचं त्या गाडीत बसायचं आहे."

रविवारी दोघे पहाटेच्या एसटीने निघाले आणि ऊन चढता चढता खर्ड्याला पोचले. किल्ल्याच्या वळणावर एसटीच्या खिडकीतून लाल ठिपका दिसला आणि रविकांतने सीटवर पाठ टेकली. रविवारची सुट्टी ओवरसियरला होती, मजुरांची मात्र बाजाराच्या दिवशी असे, त्यामुळे रविवारी काम चालूच होते. ती दोघे बांध चढून वर गेली. गाडीवर पोती नव्हती. तिच्या काचेपासून मागच्या कडेपर्यंत दोन लुगडी ताणून बांधली होती. बाजूने मात्र लाल रंग उघडाच ठेवला होता, जिल्ह्याच्या दोन टोकांना दिसेल असा. चाकांच्या सावलीत पाण्याचे माठ होते.

रविकांतने पुढे होऊन दाराला हात लावला. सुनीतीने पदर खोचला.

"श्शू!" माठापाशी बसलेली गोजरबाई कुजबुजली. "हळू, साहेब. आत्ताच डोळा लागलाय."

रविकांतने लुगड्याखाली वाकून पाहिले. एका सीटवर दोन लेकरे होती, दुसरीवर तीन. माती वाहणाऱ्या आयांनी झाडाला टांगलेल्या झोळ्या सोडून ती इथे आणून निजवली होती. एकाची मूठ स्टिअरिंगच्या दांड्याभोवती होती.

"किती वेळ झोपतील?" सुनीतीने हळूच विचारले.

"दुपारपत्तुर. मग दुसरी येत्याल. नंबर लावलाय मच्छिंद्रानं." गोजरबाईने सुनीतीकडे पाहिले. "तुमी बी लावा की नंबर, बाई. लेकरू हाय का?"

"नाही अजून."

"मग बसा हितं. सावली लई चांगली पडती हिची."

रविकांतने एकदा रस्त्याकडे पाहिले. जीप दिसत नव्हती. मग त्याने पिशवीतला पोळ्यांचा डबा काढला आणि आपल्या गाडीच्या सावलीत, मागच्या चाकाला पाठ टेकून, बायकोसाठी जागा केली.